इशानंतरचा एक तास

अम्मींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, असं गेल्या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन मात्र लगेच होणार नव्हतं. रक्तातली साखर वाढली होती. ती आटोक्यात आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, महिनाभर पथ्य पाळा, असं ते म्हणाले. अम्मींनी पथ्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तब तक पढना कैसे?"

डॉक्टर हसले. "तोवर घरच्यांकडून वाचून घ्या, आजी."

डॉक्टरांना हे सोपं वाटलं असेल. आम्ही घरी येईपर्यंत रिक्षात गप्प होतो. अम्मी उर्दू वाचतात. सकाळचं वर्तमानपत्र, महिन्याचा रिसाला, उशाशी एखादं जुनं पुस्तक, असा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. आणि आमच्या घरात त्यांना वाचून दाखवणार कोण? मुलांचे अब्बू मराठी शाळेत शिकले, उर्दू बोलतात पण वाचत नाहीत. थोरली नववीत, धाकटा सहावीत, दोघंही सेमी इंग्रजीला. दोघांनी मक्तबमध्ये नाजिरा कुरआन पूर्ण केला, अल्हम्दुलिल्लाह. पण उर्दूचं पान समोर ठेवलं की दोघंही आमच्याकडे बघतात. आणि आम्ही कोण? शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारे शिक्षक. लोकांच्या मुलांना वीस वर्षं अलिफ-बे शिकवलं आणि घरच्या मुलांचं राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ठरलं, इशानंतर एक तास. जेवणं आटोपली की सगळ्यांचे मोबाइल पिठाच्या डब्याशेजारी फडताळात. उर्दू असेल ते जसंच्या तसं वाचायचं, मराठी असेल ते अम्मींना घरच्या बोलीत सांगत जायचं. शनिवारी-रविवारी सिनेमा. थोरलीने एक शंभर पानी वही केली आणि कोण काय म्हणालं ते टिपत गेली. खालचा मजकूर त्याच वहीतला आहे. वाचकांपैकी कुणाला आपल्या घरासाठी एखादं पुस्तक किंवा सिनेमा निवडायला त्याचा उपयोग झाला, तर बरंच.

श्यामची आई

धाकट्याला शाळेत धडा होता म्हणून सुरुवात साने गुरुजींपासून झाली. गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. आम्ही इशानंतर बसलेलो, त्यामुळे पहिल्याच दिवशी अम्मी म्हणाल्या, "ये तो हमारे जैसाच है."

अडचण आली ती शब्दांची. पत्रावळ उर्दूत कशी सांगणार? सोवळं? तहारत म्हणावं तर पूर्ण जुळत नाही, आणि वेगळं काही म्हणावं तर अर्थ हरवतो. शेवटी आम्ही ते शब्द तसेच ठेवले आणि धाकट्याने हातवारे करून पत्रावळ लावून दाखवली. पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला आई मनाच्या स्वच्छतेची आठवण देते, तो प्रसंग झाला तेव्हा अम्मींनी आम्हाला थांबवलं आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "दिल की भी तहारत होती है. हमारी दादी भी यही कहती थी." धाकट्याचं मत वेगळं होतं. त्याच्या मते या पुस्तकात माणसं फार रडतात.

आमच्या मते दोघांचंही खरं आहे. हे पुस्तक सलग वाचलं तर जड होतं. एका दिवशी एकच रात्र वाचावी, गुरुजींनी तशीच ती मांडली आहेत. आमच्या महिन्यात तेरा रात्री झाल्या, बाकीच्या चालू आहेत. याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तक लिहून हजरत पैगंबर (स.) यांचं चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवलं, हे अम्मींना माहीत नव्हतं. ते आता रांगेत पुढचं आहे.

मिरात-उल-उरूस

ही अम्मींची फर्माईश. डेप्युटी नजीर अहमद यांची ही कादंबरी 1869 सालची. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मुलींच्या हाती द्यावं असं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी आपल्या मुलीसाठी ती लिहायला घेतली, आणि पुढे सरकारने तिला एक हजार रुपयांचं इनाम दिलं. दिल्लीच्या एका घरातल्या दोन बहिणी, अकबरी आणि असगरी. थोरली अकबरी हट्टी आणि फूहड. एक ठग बाई हज्जनचं सोंग घेऊन येते आणि तिचे दागिने घेऊन पसार होते. धाकटी असगरी शहाणी. ती सासरचा हिशेब हातात घेते, मामा अजमत नावाच्या मोलकरणीची चोरी उघडी पाडते, मोहल्ल्यातल्या मुलींना घरी शिकवते.

आमची थोरली पहिल्या दोन दिवसांतच अकबरीच्या बाजूने उभी राहिली. "तिला कुणी काही शिकवलंच नाही, मग चुकणार नाही तर काय? आणि असगरी एवढी हुशार आहे तर तिने सासरचाच हिशेब का सांभाळायचा?" अम्मी चिडल्या. त्यांच्या पिढीत असगरीचं नाव घेऊन मुलींना वळण लावलं जायचं. दोघींचा वाद पाऊण तास चालला. त्या दिवशी वाचन झालंच नाही, पण त्याहून चांगला तास त्या आठवड्यात झाला नाही.

आमचं मत: भाषेसाठी वाचावी. दिल्लीच्या घरातल्या बायकांची बोली, म्हणी, टोमणे, भांड्याकुंड्यांची नावं, सगळं त्यात जिवंत आहे. उपदेश मात्र आज जसाच्या तसा घेऊ नये, त्यावर मुलींना बोलू द्यावं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बापाला मुलींनी वाचावं असं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात मोठं.

पतरस के मजामीन

दोन आठवडे गंभीर वाचन झाल्यावर धाकट्याने संप केला, म्हणून पतरस बुखारी काढले. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक, मग ऑल इंडिया रेडिओ, पुढे संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानचे प्रतिनिधी, असा हा माणूस. विनोदी लेखांचं हे पुस्तक एवढंसं, त्यात सगळे मिळून अकरा लेख. पण घर हलवून टाकतं.

पहाटे उठवा म्हणून शेजारच्या लालाजींना सांगून ठेवणाऱ्या आणि ते मध्यरात्रीच दार ठोठावू लागल्यावर पस्तावणाऱ्या माणसाचा लेख धाकट्याने दोनदा वाचायला लावला. फज्रला उठवताना रोज जो प्रकार आमच्याकडे होतो, तोच. दुसरा लेख 'मरहूम की याद में'. नावावरून मुलांना वाटलं कुणी तरी वारलं असणार. वारलेली वस्तू म्हणजे एक खटारा सायकल. मित्राकडून ती घेतल्यापासून नदीत फेकून देईपर्यंतची तिची हकीकत ऐकताना मुलांचे अब्बू इतके हसले की अम्मींनी त्यांना पाणी प्यायला लावलं.

आमचं मत: उर्दू म्हणजे फक्त गजल आणि रडगाणं, असं ज्यांना वाटतं त्यांना हे पुस्तक द्यावं. कठीण शब्द येतात, पण मोठ्याने वाचलं की निम्मे आपोआप कळतात.

माणदेशी माणसं

व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक 1949 चं. आम्ही ते डी.एड.ला असताना वाचलं होतं, 'झेल्या'साठी. झेल्या हा शाळेतला पोरगा आणि सांगणारा त्याचा मास्तर, त्यामुळे शिक्षकांना हा लेख जवळचा वाटतो. या वेळी मात्र अनुक्रमणिकाच मोठ्याने वाचली आणि तिथेच थांबलो. 'मुलाण्याचा बकस'. 'तांबोळ्याची खाला'. 'बाबाखान दरवेशी'. अम्मी उठून बसल्या. "खाला? मराठी किताब में खाला?"

होय, आणि तेही पंचाहत्तर वर्षांपूर्वी. मुलाणी, तांबोळी, अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी, ही माणसं त्या पुस्तकात रामोशी, माळी, चांभार यांच्या शेजारी, गावातली माणसं म्हणूनच बसलेली आहेत. त्यांच्यासाठी वेगळी ओळ नाही, वेगळा रंग नाही. थोरलीने विचारलं, "मग आता गोष्टींत आपण असे का नसतो? एक तर ईदचा शीरखुर्मा घेऊन येणारे चाचा, नाही तर पोलिसांच्या गाडीतले." आम्हाला उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हणालो, लिहिणारे लिहीत नसतील तर आपण लिहायला हवं. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्यामागे हीच तळमळ होती. आपलं जगणं आपल्या मराठीत आपण मांडायचं.

आमचं मत: घरात असावंच असं पुस्तक. एका बैठकीत एक माणूस. माणदेशी बोली आली की थांबू नका, आवाज काढून वाचा.

दोन इराणी सिनेमे

सिनेमे मुलांनी निवडायचे असं ठरलं होतं, पण पहिला आम्ही गळ्यात मारला. माजिद मजिदी यांचा 1997 चा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', मूळ फारसी नाव 'बच्चेहा-ये आसेमान'. अली नावाच्या मुलाकडून धाकट्या बहिणीचे, जहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात. घरात पैसे नाहीत. बापाला सांगायचं नाही असं ठरवून दोघं अलीचा एकच जोड वापरतात. सकाळच्या शाळेला ती, तिने धावत येऊन दिला की दुपारच्या शाळेला तो. पुढे धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट आहेत हे कळल्यावर अली तिसरा येण्यासाठी पळतो. पुढचं सांगत नाही.

आम्हाला धरून ठेवलं ते एका छोट्या प्रसंगाने. बाप घरी बसून मशिदीसाठी साखरेचे खडे फोडतोय. जहरा चहा आणते, त्यात साखर नाही. ती म्हणते, समोर एवढी साखर पडलीय की. बाप सांगतो, ही मशिदीची, आपली नाही. अमानत म्हणजे काय हे आम्ही वर्गात कितीदा तरी समजावलं असेल. धाकट्याला ते त्या बिनसाखरेच्या चहाने समजलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या सहलीचे जमलेले पैसे त्याने स्वतःच्या पाकिटातून काढून वेगळ्या लिफाफ्यात ठेवले. आम्ही काही बोललो नाही.

दुसरा सिनेमा अब्बास किआरोस्तामी यांचा, 1987 चा. नावाचा अर्थ, दोस्ताचं घर कुठे आहे? शाळेतला अहमद चुकून शेजारच्या मुलाची वही घरी घेऊन येतो. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर त्या मुलाला शाळेतून काढून टाकीन, असं मास्तरांनी बजावलेलं. म्हणून अहमद वही परत द्यायला दुसऱ्या गावी धावतो, आणि मोठ्या माणसांपैकी कुणीच त्याचं ऐकून घेत नाही. सिनेमा संथ आहे, धाकट्याला मध्येच झोप लागली. आम्हाला मात्र लागली नाही. वही विसरली म्हणून आम्ही किती जणांना उभं केलं असेल, त्यातल्या एखाद्याची वही अशीच कुणाकडे राहिली असेल का, हे कधी विचारलं नाही.

अम्मींना पडदा धूसर दिसायचा. धाकटा इंग्रजी पट्ट्या वाचून त्यांना अर्थ सांगायचा. पण अधूनमधून अम्मीच त्याला सांगायच्या. फारसीतलं दोस्त, बच्चे, आसमान त्यांना कानाने ओळखू यायचं. 'खाने' म्हणजे घर, हे कळल्यावर मुलांना आपल्या मराठीतले दवाखाना, कारखाना, तुरुंगखाना आठवले आणि वहीत दोन पानं भरली.

आमचं मत: पहिला सर्वांसाठी, अगदी पाच वर्षांच्या मुलापासून. दुसरा शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी.

अर्धवट सोडलेलं

सगळंच पूर्ण झालं असं नाही. मुलांच्या आग्रहाने 'दिरिलिश एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका लावली. उस्मानी सल्तनतीचा संस्थापक उस्मान, त्याच्या वडिलांची ही कथा. घोडे, तंबू, पोशाख, वडीलधाऱ्यांचा अदब, हे सगळं देखणं आहे. पण पाच हंगामांची ही मालिका, संपता संपत नाही. आणि खऱ्या एर्तुग्रुलबद्दल इतिहासात फार थोडं सापडतं, बाकी सारं लेखकांनी रचलेलं. धाकटा लाकडी पट्टीची तलवार करून फिरू लागला आणि त्यालाच इतिहास समजू लागला, तेव्हा सहा भागांवर आम्ही थांबलो. बघायला हरकत नाही, पण मनोरंजन म्हणून बघा, आणि मुलांना तसं सांगून बघा.

दुसरं, मोबाइलवर येणारे 'ईमान ताजा करणारे' व्हिडिओ. खालाजान रोज चार-पाच पाठवतात. एकात एका हदीसचं नाव घेऊन अशी गोष्ट सांगितली होती की अम्मींनी लगेच विचारलं, "हवाला कहां है?" हवाला नव्हता. तेव्हापासून घरात नियम केला आहे की ज्याला हवाला नाही ते पुढे पाठवायचं नाही. खालाजान दोन दिवस रुसल्या होत्या, आता त्याही हवाला मागतात.

गरम हवा, आणि एक पत्र्याची पेटी

तिसऱ्या शनिवारी एम. एस. सथ्यू यांचा 'गरम हवा'. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी लिहिलेला. 1973 मध्ये तयार झाला, सेन्सॉरकडे अडकला आणि 1974 मध्ये लोकांसमोर आला. फाळणीनंतरचा आग्रा. बूट बनवणारे सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी. एकेक नातलग पाकिस्तानला जातोय, कर्ज मिळेनासं झालंय, राहती हवेली हातची जातेय. फारुख शेख यांचा हा पहिला सिनेमा. बलराज साहनी यांनी डबिंग संपवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं निधन झालं.

इथे आमची एक चूक झाली, ती सांगायला हवी. सलीम मिर्झांच्या मुलीचं, आमिनाचं, जे होतं ते सहावीतल्या मुलाने बघण्यासारखं नाही. आम्ही सिनेमा फार पूर्वी पाहिला होता आणि तो भाग विसरलो होतो. धाकटा रात्री आमच्या खोलीत येऊन झोपला. मोठ्यांनी जरूर पाहावा, नववी-दहावीच्या मुलांसोबत पाहावा, लहानांसमोर नाही.

सिनेमात एक म्हातारी दादी आहे. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती लपून बसते. तिला उचलून न्यावं लागतं. ते दृश्य अम्मींना नीट दिसलं नसावं, पण ऐकू आलं. सिनेमा संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मुलांच्या अब्बूंना म्हणाल्या, "माळ्यावरची पत्र्याची पेटी काढ."

पेटीत पत्रं होती. अम्मींचे चाचा मुंबईहून बोटीने कराचीला गेले ते कायमचे. तिकडून ते आधी अम्मींच्या वडिलांना आणि नंतर अम्मींना लिहीत राहिले. पेटीत एकोणतीस पत्रं. पातळ निळा कागद, काळी शाई, घाईघाईचं वळण. कुणाच्या शादीची खबर, कुणाच्या इंतकालची, गावच्या आंब्याला या वर्षी मोहोर कसा आहे, ही विचारणा दर पत्रात. आम्ही दोन पत्रं वाचून दाखवली. तिसऱ्याच्या वेळी थोरलीने हात पुढे केला. "मला द्या, मी बघते." तिने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि परत दिला.

अम्मी म्हणाल्या, "मेरे बाद ये रद्दी में जायेंगे क्या?"

कुणीच उत्तर दिलं नाही. त्या रात्री वहीत थोरलीने काहीच लिहिलेलं नाही. पान कोरं आहे.

ईदगाह

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. "शिकवा." दहावीचं वर्ष तोंडावर आहे, हे आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, "रोज वीस मिनिटं." आम्ही वर्गात करतो तसंच केलं, आणि इथे वाचक आईबापांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या मुलांनी नाजिरा पूर्ण केला आहे, त्यांना उर्दूचं मोठं काम आधीच येतं. अरबीत नसलेली मुख्य अक्षरं सातच: पे, टे, चे, डाल, डे, झे आणि गाफ. त्यांना दो-चश्मी हे, नून-गुन्ना आणि बडी ये यांची जोड द्या. ओळखीच्याच अक्षरांना ठिपके किंवा छोटी खूण वाढवून ती झालेली आहेत. थोरलीला ती तीन दिवसांत आली.

दुसरी गोष्ट, खरी अडचण अक्षरांची नसून जेर-जबरची आहे. कुरआनात ते प्रत्येक अक्षरावर असतात, उर्दूच्या पुस्तकात नसतात. मीम, लाम, काफ एवढंच लिहिलेलं असेल तर ते मुल्क वाचायचं की मलिक, हे पुढच्या शब्दावरून ठरवावं लागतं. आणि ते ठरवायला भाषा कानावर असावी लागते. इथे आम्हाला महिन्याचा फायदा समजला. तीन आठवडे रोज तासभर ऐकल्यामुळे निम्मे शब्द तिच्या कानात आधीच होते. डोळ्याला फक्त ते ओळखायचे होते.

तिने धडा निवडला तो प्रेमचंदांच्या 'ईदगाह'चा. गोष्ट तिला माहीत होती. ईदच्या दिवशी तीन पैसे घेऊन मेळ्याला गेलेला हमीद. बाकीची मुलं खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद दादीसाठी चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना दादी अमीनाची बोटं भाजतात. माहीत असलेली गोष्ट नव्या लिपीत वाचायला सोपी जाते, म्हणून शिकणाऱ्यांना आम्ही नेहमी हेच सुचवतो. उर्दू लिपीत शब्दाचा अर्थ चटकन बघायचा असेल तर 'रेख्ता'च्या संकेतस्थळाचा उपयोग होतो. आणि मराठी वाचणाऱ्या लहानांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक तिथल्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी इशानंतर थोरलीने पुस्तक हातात घेतलं. दीड पान वाचायला तिला चाळीस मिनिटं लागली. 'इस'चं 'उस' झालं, दोन ठिकाणी तिने ओळच गाळली. अम्मी डोळे मिटून ऐकत होत्या. चुकलं की फक्त बोट उचलायच्या, शब्द सांगायच्या नाहीत. ती परत मागे जायची. धाकटा कधी नव्हे तो शांत बसला होता. चिमट्याचा भाव करण्यापर्यंत ती पोचली नाही, मेळ्याच्या वाटेवरच थांबली.

"आज इतनाच," अम्मी म्हणाल्या. "हमीद को मेले में पहुंचने दो आराम से."

पुढे काय

चार दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अल्हम्दुलिल्लाह, सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि अम्मींनी सगळ्यात आधी भिंतीवरचं घड्याळ वाचलं. पण वाचायच्या चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने मिळेल, तोवर डोळ्याला ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे तास चालू राहणार.

महिनाभरात आम्ही फार वाचलं असं नाही. दोन पुस्तकं पूर्ण, दोन अर्धी, तीन सिनेमे, एक सोडून दिलेली मालिका आणि दोन पत्रं. त्यातली सत्तावीस पत्रं अजून बाकी आहेत. ती आम्ही एका बैठकीत वाचून टाकू शकतो, पण तसं करायचं नाही असं ठरलंय. ती थोरलीसाठी ठेवली आहेत. चाचांचं वळण शिकस्त आहे, ते लागायला तिला वर्ष लागेल, कदाचित दोन. दहावी मध्ये आहे. तिचा उत्साह टिकेल की नाही, हे आम्ही शिक्षक असूनही सांगू शकत नाही. असे उत्साह आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले आहेत, काही टिकले, बरेच नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी पेटी असेल. पत्रांची, निकाहनाम्याची, आजोबांच्या हिशेबाच्या वहीची, दादीने उतरवून घेतलेल्या दुआंची. ती कुणाला वाचता येते, एवढं एकदा घरात विचारून बघा. ज्यांना येते ती माणसं अजून आहेत, तोवर त्यांच्याशेजारी बसायला इशानंतरचा एक तास पुरतो.

काल थोरलीने दादीला सांगितलं, डोळा बरा झाला की तुम्हीच वाचाल, मग माझं काम संपलं.

अम्मी म्हणाल्या, "दूसरी आंख अभी बाकी है."